एकाच पिंपातलं

भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या की मुळशीच्या रस्त्याला गाडीच्या काचा खाली घ्याव्यात. भुकूमच्या नव्या इमारती संपेपर्यंत सिमेंट आणि डिझेल यांपलीकडे काही येत नाही. पुढे रस्ता उतरायला लागतो, दोन्ही अंगांनी खाचरं सुरू होतात आणि मग तो वास येतो. शिजलेल्या भाताचा नव्हे. त्याच्या फार आधीचा, हिरवा, दुधाळ, ओल्या मातीत मिसळलेला. आंबेमोहोराची खाचरं आता फारशी उरली नाहीत, इंद्रायणीच जास्त, पण तीही वासाला कमी नाही. पाऊस नुकता हटलेला असतो. डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा अजून उतरत असतात, आणि ऊन असं पडतं की धरणाच्या पाण्याकडे बघवत नाही.

दरवर्षी हे दिवस येतात आणि दरवर्षी मला त्यांची धास्ती वाटते. एका आश्विनात, याच वासाच्या मधोमध, माझा भाऊ खुर्चीत बसून होता आणि त्याला तो येत नव्हता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नाव अविनाश, पण त्या नावानं हाक मारणारं आमच्यात शेवटी कुणी उरलं नव्हतं. त्याची सगळी नोकरी नाकावर झाली. खाण्यापिण्याच्या वस्तूंना लागणारे वास आणि स्वाद तयार करणाऱ्या कंपनीत तो होता. बिस्किटातली वेलची, सरबतातलं संत्रं, लहान मुलांच्या औषधातलं गुलाबी गोड काहीतरी. "तुम्ही लोक जे खाता ना, त्यातलं निम्मं मी खोटं केलेलं असतं," असं तो म्हणायचा. कंपनीच्या कामासाठी परदेशी जायचा आणि येताना कधीतरी एक बाटली घेऊन यायचा. स्कॉच व्हिस्की. आमच्या घरात दारूचं नाव कुणी काढत नसे, त्यामुळे त्याच्या कपाटातल्या त्या ओळीकडे आम्ही सगळे बघून न बघितल्यासारखं करायचो.

पुष्कळ वर्षांनी त्यानंच मला समजावलं, की दुकानात मिळते ती व्हिस्की निरनिराळ्या पिंपांतली एकत्र करून बनवतात, म्हणजे दरवेळी चव तीच राहावी. त्याच्याकडच्या बाटल्या तशा नव्हत्या. त्यातली प्रत्येक एकाच पिंपातली होती. जवाची दारू गाळायची, लाकडी पिंपात भरायची आणि दहा-वीस वर्षं अंधाऱ्या गोदामात ठेवून द्यायची. दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवली, एकाच दिवशी भरली, तरी चव वेगळी होते. एकाचं लाकूड जरा सैल, एक भिंतीच्या ओलीजवळ. त्या पिंपातून निघतील तेवढ्याच दोन-अडीचशे बाटल्या. त्या संपल्या की ती चव जगातून गेली. "परत कुणालाच करता येत नाही," तो म्हणाला होता. "ज्यानं केली त्यालाही." हे सांगताना खोट्या वेलचीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडावर जो भाव होता, तो मला तेव्हा कळला नव्हता.

वहिनी गेल्यावर त्यानं पुण्यातला फ्लॅट विकला आणि धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर, दोन खोल्या आणि एक मोठा व्हरांडा असं घर बांधलं. पावसात तिथं दिवसेंदिवस वीज नसते. भिंतींना बुरशी धरते, कपडे वाळत नाहीत. मुलंबाळं नाहीत, एकटा माणूस, इतक्या लांब कशाला, म्हणून मी भांडले. "इथला वास चांगला आहे," एवढंच म्हणाला.

मग त्याला कॅन्सर झाला. नाकाच्या मागे, घशाच्या वर. बाहेरून काही दिसत नव्हतं. उन्हाळाभर पुण्यात त्याला रेडिएशन दिलं. गाठ आटली, पण त्याबरोबर तोंडातली लाळ गेली, जिभेची चव गेली आणि नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, काही जणांना वर्ष लागतं." मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी. बॅग भरली आणि त्याच्याकडे राहायला गेले.

आलं कुटून त्याच्या नाकाशी धरायचं, कापूर, हिंग, कॉफी. दादा डोळे मिटून वास घ्यायचा. धंद्यातल्या माणसासारखा, छोटे छोटे श्वास. मग डोळे उघडून मान हलवायचा. जेवणाबद्दल म्हणायचा, "ओला कागद चावतोय." पुढे पुढे तेही म्हणेनासा झाला. आणखी एक गोष्ट होत होती. त्याचा जबडा आखडत चालला होता. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि रोज एकेक काडी वाढवत न्यायची. तो सकाळी व्हरांड्यात बसून हा व्यायाम करायचा. काड्या वाढण्याऐवजी कमी होत गेल्या. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नसू.

स्वयंपाकाला खालच्या वाडीतल्या चंद्राबाई यायच्या. दादाचं घर उभं होतं ती जमीन त्यांच्याच घरची. नवरा वारल्यावर मुलानं, पांडूनं ती विकली. मोटारसायकल आली, मित्र आले, ढाब्यावरच्या बैठका आल्या, आणि तीनेक वर्षांत पांडू पिवळा पडून गेला. हे मला दादाकडून नाही, त्यांच्याकडूनच कळलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "हितं जिथं तुमचा वटा हाय ना, तितं आमचं तुरीचं वावर व्हतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर त्या ओट्याशी उभी राहिले की मला पाय कुठे ठेवावा कळेना.

गणपती उठले, पाऊस कमी झाला. भात निसवायला लागलं तेव्हाची गोष्ट. दुपार कलल्यावर दादानं कपाट उघडलं आणि एक बाटली टेबलावर आणून ठेवली. निमुळत्या तोंडाचा, ट्यूलिपच्या कळीसारखा ग्लास आणला, पेलाभर पाणी आणलं.

"सुलू, तुला एक काम सांगणार आहे," तो म्हणाला. जबड्यामुळे त्याचं बोलणं दातांमधून यायला लागलं होतं. "नाही म्हणू नकोस."

"काय?"

"ही तू घ्यायची. आणि मला सांगायचं, कशी आहे ते."

मी साठी ओलांडलेली बाई. आयुष्यात खोकल्याच्या औषधाखेरीज दारूचा थेंब घेतला नव्हता. मी म्हटलं, "दादा, मला त्यातलं काय कळतंय? तुझ्या त्या मित्रांना बोलव ना."

"ते पुस्तकातलं बोलतात," तो म्हणाला. "व्हॅनिला आहे, ओक आहे. मला ते सगळं तोंडपाठ आहे. तू आणि मी एका घरात जेवलोय. तू म्हणशील ते मला कळेल."

मग त्यानं मला शिकवलं. रंगाकडे बघून काही ठरवायचं नाही. ग्लास फिरवायचा आणि नाक एकदम आत घालायचं नाही, नाहीतर जळजळ होऊन सगळं बंद होतं. तोंड किंचित उघडं ठेवून लांबून वास घ्यायचा. पहिला घोट फक्त जिभेला जागं करायला, त्याच्यावरून मत द्यायचं नाही. पिंपातून काढलेली तशीच बाटलीत भरलेली असते म्हणून फार कडक. दोन-चार थेंब पाणी घालायचं आणि थांबायचं. "पाणी पडलं की ती बोलायला लागते," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि घसा पेटला. तो शांतपणे बसून होता. मी पुन्हा वास घेतला.

"गोड आहे," मी म्हटलं.

"गोड म्हणजे काय? कुठलं गोड?"

"साखरेचा पाक जरा जास्त झालाय आणि आई ओरडतेय, गॅस बंद कर म्हणून."

दादा हसला. जबडा उघडेना, पण डोळे हसले. "पुढे सांग."

"आणि… आईची लाकडी पेटी. शालू ठेवायची ती. उघडल्यावर पहिल्यांदा येतो ना, तो."

"डांबराच्या गोळ्या?"

"नाही. नुसतं लाकूड आणि रेशीम."

त्यानं डोळे मिटले. त्याला वास आला असं मी म्हणणार नाही. पण तो त्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला, एवढं मला दिसलं.

तो सगळा आश्विन आमचा असा गेला. दररोज नव्हे, त्याला बरं असेल त्या दिवशी. एक बाटली गर्द तपकिरी होती, स्पेनकडच्या गोड वाईनच्या पिंपात मुरलेली. तिच्यात मला चिंच-खजुराची चटणी, नव्या चपलेचं कातडं आणि गुऱ्हाळातली काकवी लागली. दुसरीत काहीच सापडेना. फिकी, पाण्यासारखी. ती हातात धरून मी व्हरांड्यात उभी राहिले, खालच्या खाचरांवरून वारा आला आणि एकदम लक्षात आलं की ग्लासातही तेच आहे: कच्चं धान्य, दूध भरत असलेलं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आत्ता भाताचा वास सुटलाय?"

"हो."

"बराच?"

"बराच."

त्यानं खाचरांकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला. माणूस मुक्या झालेल्या रेडिओकडे बघतो तसं.

ग्लास विसळायचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघाला. चंद्राबाई मोरीतली भांडी घासत होत्या, तो एक ग्लास त्यांनी बाजूला काढून ठेवला. "ताई, बाकी सगळं करीन. त्यो गिलास मी धुनार न्हाई."

मी म्हटलं, "मी धुते."

"राग मानू नगा."

"नाही मानत."

दादानं आतून ऐकलं होतं. त्या गेल्यावर म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." मग थोड्या वेळानं, "मी जमीन घेतली नसती तर दुसऱ्या कुणी घेतली असती, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे. पण घेतली मी." मी ग्लास धुऊन उपडा घातला.

दिवाळी जवळ आली. कापणी सुरू झाली होती. खाली बाया ओळीनं वाकलेल्या दिसायच्या आणि पेंढ्याचा कोरडा वास यायला लागला होता. त्या दिवसांत दादाच्या दातांत दोनच काड्या मावत होत्या. मी त्याला पातळ पेज चमच्यानं भरवायची. एका दुपारी त्यानं ओळीतली शेवटची बाटली काढली. ती आधी उघडलेली होती, पण अगदी थोडी गेलेली.

"ही माझी," म्हणाला. "ही मी कुणाला दिली नाही."

मी ग्लासात ओतायच्या आधीच वास खोलीत आला. धूर होता, पण चुलीचा नव्हे. ओलं काहीतरी जळत असल्याचा, कोंडलेला. आणि त्याच्याखाली तिखट, पिवळट, औषधी. मी ग्लास नाकापासून दूर धरला.

"दवाखाना," मी म्हटलं.

दादा खुर्चीत पुढे सरकला.

"टिंक्चर आयोडीन. फिनेल. आणि धूर कसला आहे हा? दवाखान्यात धूर कसा?"

"व्हरांड्यात स्टोव्ह होता," दादा म्हणाला. "सुया उकळायला. कधीकधी रॉकेल संपलं की दगडांची चूल मांडायचे, ओल्या लाकडांची."

"कुठे?"

"बंडू होता तिथं."

बंडू आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. आमचे बाबा बांधकाम खात्यात होते आणि ताम्हिणीच्या रस्त्याच्या कामावर असताना आम्ही काही वर्षं इथंच, तालुक्याच्या गावी राहत होतो. मी दहा वर्षांची, बंडू सातचा. त्याच्या पायात खिळा गेला होता. मग एके दिवशी शेजारच्या काकूंनी मला त्यांच्याकडे झोपवलं आणि सांगितलं की बंडूला पुण्याला मावशीकडे नेलंय. काही दिवसांनी आई, बाबा आणि दादा परत आले, बंडू आला नाही. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी विचारायचं नाही हे मला कुणी सांगितलं नाही, तरी कळलं. त्याच वर्षी आम्ही पुण्याला आलो. पुढे कळायच्या वयात 'धनुर्वात' हा शब्द मी कुठूनतरी ऐकला आणि ठेवून दिला. आई-बाबांच्या हयातीत बंडूचं नाव घरात परत निघालं नाही. दादानं तर कधीच काढलं नव्हतं.

"मावशीकडे नव्हता तो," दादा म्हणाला. "इथंच होता. सरकारी दवाखान्यात. पुण्याला हलवायचं ठरत होतं, पण गाडीचा हिसका बसला की झटका यायचा. डॉक्टर म्हणाले, वाटेत जाईल."

मी ग्लास खाली ठेवला.

"खोली अंधारी केली होती. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. उजेड लागला की अंग ताठ व्हायचं त्याचं, धनुष्यासारखं. आवाज झाला तरी. हात लावला तरी. आई जवळ बसली की रडायची आणि रडण्यानं त्याला झटका यायचा, म्हणून तिला बाहेर बसवलं. बाबांना खोकला होता. मग मी बसलो. मी आवाज न करता बसू शकायचो."

"किती दिवस?"

"मोजले नाहीत. तिथं दिवस-रात्र कळत नव्हती."

तो थांबला. त्याच्या कोरड्या तोंडाला मी पाण्याचा चमचा लावला. तो पुढे बोलत राहिला, त्याच त्या दातांमधून.

"दिसायचं काही नाही. बोलायचं नाही. त्याला धरायचं नाही. नाक तेवढं मोकळं होतं, सुलू. कोण आत आलं ते मला वासावरून कळायचं. नर्स आली, डॉक्टर आले, झाडूवाले आले. बंडूला ताप चढला की त्याचा वास बदलायचा, ते मला आधी कळायचं. दात घट्ट बसले होते त्याचे. मी कापूस ओला करून ओठांना लावायचो. शेवटी शेवटी दातांमधून काहीतरी म्हणाला. मला समजलं नाही. परत म्हण, असं विचारणार कसं? आवाज करायचा नव्हता. मी नुसता कान त्याच्या तोंडाशी नेला. पण तो परत नाही म्हणाला."

खाली खाचरात कुणीतरी कुणाला तरी विळा मागत होतं. तो आवाज अगदी स्पष्ट वर येत होता.

"नोकरीत असताना आम्हाला तिकडे परदेशी व्हिस्कीच्या एका गोदामात नेलं होतं. एकेक पिंप उघडून काचेच्या नळीनं काढून देत होते. सगळे हसत-खेळत होते. एक पिंप उघडलं आणि हा वास आला. तिकडे पिंपाआधी जव वाळवताना खालून दलदलीतली माती जाळतात, तिचा धूर धान्यात उतरतो. एवढंच असतं ते. पण मी त्या खोलीत गेलो. बरोबरच्या लोकांना वाटलं, चढली याला." त्यानं बाटलीवरून बोट फिरवलं. "त्या पिंपातली ही बाटली मी पुढे मागवली. वर्षातून एकदा उघडायचो. प्यायचो नाही फारशी. वास घ्यायचो आणि बसायचो."

"म्हणून इथं घर बांधलंस?"

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"आता तोही येत नाही," तो म्हणाला. "काल तुझ्या आधी उघडून बघितली. वाटलं होतं, बाकी सगळं गेलं तरी हा राहील. त्याचा एक फोटो नाही आपल्याकडे, सुलू. आईनं कपडे देऊन टाकले. माझ्याकडे त्याचं एवढंच होतं."

मी ग्लास उचलला. पाणी घातलं नाही. तो जसा वास घ्यायचा तसा घेतला, छोटे छोटे श्वास, तोंड किंचित उघडं ठेवून. मग प्यायले. जिभेवर राख आली, मीठ आलं, ओल्या कापसाची काहीशी गोडसर, नकोशी चव आली. मी त्याला एकेक सांगत गेले. फिनेल डाव्या बाजूला. घोंगडीची लोकर. उकळतं पाणी, त्यात पत्रा. तो "हो" म्हणायचा, "हो". एकदा म्हणाला, "घोंगडी मी सांगितली म्हणून म्हणतेस?" मी म्हटलं, "नाही, आहे खरंच." आणि खरंच होती.

त्या हंगामातली ती शेवटची बाटली. दिवाळी झाल्यावर त्याच्या छातीचा फोटो काढला, त्यात दोन्ही फुप्फुसांत डाग दिसले. आणखी उपचार नकोत, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनीही फार आग्रह केला नाही. पोटात नळी घातली होती, तिच्यातून मी पेज आणि औषधं द्यायची. जबडा पुरता मिटला होता. बोलायचा ते मला समजायचं, इतरांना नाही. पौषात थंडी पडली. सकाळी धरणावर धुकं असायचं, ते उन्हं वर आल्यावर एकदम उचललं जायचं. अशाच एका सकाळी त्याचा श्वास बदलला. चंद्राबाई भाकरीचं पीठ तसंच सोडून हात धुऊन आत आल्या आणि पायाशी बसल्या.

मी कापूस घेतला. कपाटातली ती बाटली काढली आणि कापूस तिच्यावर धरला. मला वाटलं, नाक नसलं तरी काय झालं, कदाचित जाता जाता पोचेल.

चंद्राबाईंनी माझं मनगट धरलं. "ताई, पानी लावा."

"त्याला आवडायची हो."

"म्हाईत हाय मला. माझा पांडू त्याच वासात गेला. तोंड पुसलं तरी जात नव्हता." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ह्येंना पान्यानं जाऊ द्या."

मी बाटली बंद केली. कापूस पाण्यात बुडवून ओठांना लावला. ते पाणी आत गेलं की बाहेरच राहिलं, मला सांगता येणार नाही. दादानं काही म्हटलं असेल म्हणून मी कान त्याच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास होता. मग तोही राहिला नाही.

घर त्यानं माझ्या नावावर केलं होतं. बाकीच्या बाटल्या त्याच्या मित्रांना दिल्या. ते एका रविवारी आले, पुस्तकातल्या भाषेत हळहळले आणि घेऊन गेले. ही एक ठेवली. पुण्याला राहते, पण दर आश्विनात इथं येते आणि दादासारखी एका दुपारी ती उघडते. पहिल्या वर्षी वास आला तसाच, खोली भरून. दुसऱ्या वर्षी जरा लांबून. दादाच्या एका मित्राला फोनवर विचारलं, तर म्हणाले, बाटली जसजशी रिकामी होते तसतशी आत हवा साठते आणि वास विरत जातो, आधी धूर, मग औषधी भाग. थांबवता येत नाही. या वर्षी मी ग्लास कितीतरी वेळ नाकाशी धरून बसले. मधासारखं काहीतरी होतं. पाठीमागे थोडी राख. लोकर नव्हती, फिनेल नव्हतं. पाणी घालून बघितलं, थांबून बघितलं. ज्या पिंपातून ती आली, ते पिंप कधीच संपलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघाले ती तालुक्याच्या गावी गाडी थांबवली. इतक्या वर्षांत त्या रस्त्यानं जाताना मी तिकडे मान वळवली नव्हती. दवाखान्याला आता नवी फरशी आहे, नवा रंग आहे, दारात मोटारसायकली लावलेल्या असतात. जुनी दगडी इमारत मागे तशीच आहे, असं चहावाल्यानं सांगितलं. फाटकाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

"कोन ॲडमिट हाय तुमचं?" त्यानं विचारलं.

मी काय सांगणार होते, मलाच माहीत नव्हतं. "भाऊ," मी म्हटलं. "धाकटा."

"मग जावा की आत. भेटायची येळ चालूच हाय."

मी आत गेले. नव्या इमारतीच्या बाजूनं बोळ आहे, त्यातून मागे. दगडी व्हरांडा, त्याच्या टोकाला एक खोली. आत पलंग नव्हते, लशींची खोकी होती आणि दोन नर्स टेबलाशी उभ्या राहून मोठमोठ्यानं बोलत होत्या. एकीच्या कडेवर कुणाचं तरी मूल होतं आणि ते सुई टोचल्यामुळे जीव खाऊन रडत होतं. कुणी त्याला गप्प करत नव्हतं. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खोलीभर लख्ख ऊन पडलं होतं.